तेल धरायचं भांडं

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट स्वतः करायची भारी हौस, आणि ती गोष्ट येत नसली तर हौस दुप्पट. लग्नाला दहा वर्षं झाली तोवर आमचा मिक्सर, पंखा, भिंतीवरचं घड्याळ आणि शेजारच्या आनंदाबाईंची शिलाई मशीन हे सगळं त्यांनी एकदा तरी उघडून पाहिलं होतं. बंद करायला मात्र दर वेळी पुलगावहून माणूस आणावा लागला. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्याचं कोणाला नवल वाटायला नको.

गोष्ट दोन हजार तीन सालच्या पोळ्याची, आमच्या नाचणगावची. त्या वर्षी आमच्या गोठ्यात पहिल्यांदाच बैल नव्हते. चांद्या म्हातारा होऊन माघात गेला. लाल्या एकटा पडला, चाऱ्याला तोंड लावेना, म्हणून त्याला हिंगणघाटला नणंदेकडे पोचवलं. तिथे त्याला जोडीदार मिळाला आणि तो रमला. मग चैत्रात एका सकाळी आमचे हे, म्हणजे धर्मेंद्र, एक जुना लाल ट्रॅक्टर चालवतच घरी आले. कोणाला पत्ता नाही. मला नाही, सासूबाईंना नाही, आणि ज्यांनी जन्मभर ते शेत वाहिलं त्या मामाजींना तर नाहीच नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे, तानबाजी. सत्तरीचे, पण ताठ. त्यांनी ट्रॅक्टरला एक फेरी मारली आणि विचारलं, "कोणाचा हाये?"

"आपला हाये बाबा."

"असं," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

त्यानंतर पाच महिने त्यांनी त्या ट्रॅक्टरला बोट लावलं नाही. भांडले नाहीत, रुसले नाहीत. मी बालवाडीत शिकवते, रुसलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. हे रुसणं नव्हतं. ते हळूहळू एकेका कामातून अंग काढून घेत होते. पेरणीच्या वेळी कोणी विचारलं तर "धर्माले इचारा" म्हणायचे. बाजाराला जायचं बंद झालं. गोठ्यासमोर बाज टाकून बसायचे, तंबाखू मळायचे आणि बघत राहायचे.

राहिला होता फक्त पोळा. गावच्या तोरणाखाली पहिली जागा आमच्या जोडीची, अडतीस वर्षांपासून. मामाजी पांढरं धोतर नेसून, हातात कासरा धरून तिथे उभे राहिले की मला सासरचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. आणि नेमकं आठ दिवस आधी, जेवताना, आमच्या ह्यांनी जाहीर केलं की यंदा आपण ट्रॅक्टर सजवून तोरणाखाली नेणार.

मामाजींनी हातातली भाकर ताटात ठेवली. "थे यंत्र चालत तोरणाखाली आलं, त मी घराच्या बाहेर पाय नाई टाकत."

"जमाना बदलून राह्यला बाबा."

मामाजी ताटावरून उठले.

मला माझ्या माहेरचं आठवलं. आष्टीला माझे आजोबा असेच एका सणाला घरात बसले होते. "या वर्षी तुम्हीच जा" म्हणाले. मग पुढच्या सणालाही बसले, आणि मग बसूनच राहिले. बसलेला माणूस पुन्हा उठवणं फार कठीण असतं. मामाजींना पोळ्याला घराबाहेर काढायचं, एवढी एकच गोष्ट मी मनात धरली. काही झालं तरी.

नवऱ्याला समजावून पाहिलं. म्हणाले, "मी गोंडे आणले, बेगड आणली, बाशिंग बनवून घेतलं. आता गावात काय तोंड दाखवू?" दोघंही एकाच मातीचे.

अशात ट्रॅक्टरचं तेल बदलायची वेळ आली. अडीचशे तास चालला की इंजिनचं तेल बदलायचं असतं म्हणे. पुलगावचा निकेश मिस्त्री हे काम करायचा. ह्यांनी आनंदाबाईंच्या घरून त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "भाऊ, पोळ्याच्या आधी मले मराले बी टाइम नाई."

"मंग मीच करतो," आमचे हे म्हणाले. "त्यात काय हाये? खालचा नट खोलाचा, जुनं तेल काढाचं, नवीन टाकाचं."

निकेश म्हणाला, "करा. पर भांडं रुंद घ्या, आठ लिटर तेल राहते, सांडू देऊ नका."

झालं! नट कोणता, कुठला, काही विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ह्यांच्या डोक्यात फक्त भांडं बसलं.

तो दिवस खांदेशेकणीचा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकतात आणि कानाशी लागून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात, ती खांदेशेकणी. घरात बैल नसले तरी सण होता, मी पुरणाची डाळ निवडत बसले होते. हे स्वयंपाकघरात आले आणि फळीकडे बघत उभे राहिले.

"मेघा, थे पितळेची परात देतं का जरा?"

"कोणती?"

"थेच ना, मोठी. आष्टीची."

"माह्या माहेरची परात तुमच्या ट्रॅक्टरखाली? डोकं ठिकाणावर हाये का? उद्या तिच्यात पोळ्याची कणीक भिजवाची हाये!"

"धुऊन देतो ना."

"मंग आत्याबाईच्या देव्हाऱ्यातलं ताम्हण बी घेऊन जा. थे बी धुऊन द्या."

देव्हाऱ्याचं नाव निघाल्याबरोबर सासूबाई, म्हणजे सीताबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, वाती वळायच्या टाकून आल्या. "काय झालं वं? देवाचं काय काढलं?" त्यांना सगळं सांगितलं तर त्या मुलाच्याच बाजूने झाल्या. "देऊन दे ना परात, तेलच त हाये." मी म्हटलं, "मग तुमचं घंगाळ देते." त्या लगेच माझ्या बाजूला आल्या.

दुसरं भांडं म्हणजे मयुरीचा आंघोळीचा प्लास्टिकचा टब. मयुरी आमची आठ वर्षांची लेक. पाच वर्षांत ती त्या टबात बसली नव्हती, पण बापाने उचलल्याबरोबर जाऊन त्यात मांडी घालून बसली. "माहा टब नाई देत!" उठायलाच तयार नाही. सासूबाई म्हणाल्या, "तेल गरम राहते, प्लास्टिक पिघळून जाईन." ही गोष्ट खरी असेल की नाही कोण जाणे, पण टब वाचला.

तिसरं, घर बांधलं तेव्हाचं सिमेंटचं घमेलं. ह्यांनी ते उचलून उन्हात धरलं तर बुडातून आभाळ दिसलं, सात ठिकाणी. सासूबाई म्हणाल्या, "चाळणी पाह्यजे असन त घेऊन जा."

चौथा, तेलाचा रिकामा पिपा. तो ह्यांनी छिन्नीने आडवा कापला. पत्र्याबरोबर अंगठाही थोडा कापला. मग पट्टी बांधून झाल्यावर त्याची परीक्षा घेतली. मयुरीला ओट्यावर उभं केलं, हातात पाण्याचा लोटा दिला आणि खाली पिपा ठेवून म्हणाले, "ओत." तिने ओतलं. अर्धं पाणी पिप्यात, अर्धं ह्यांच्या अंगावर. "अरुंद हाये," म्हणाले. दोन वेळा आणखी ओतायला लावलं, उगाच. पोरगी खूश, अंगणात नुसता चिखल.

आता एक खरं सांगते. ज्या भांड्याची गरज होती ते आमच्या गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीलाच टांगलं होतं. बैलांची सरकीची ढेप भिजवायची लोखंडी कढई. जाड, उथळ, सूपभर रुंद, दोन बाजूला कड्या. बैल गेल्यावरही मामाजी तिला पंधरवड्यातून एकदा तेलाचा हात फिरवायचे आणि परत खिळ्याला टांगायचे. खाली त्यांची बाज. आम्ही सगळे दर भांड्यागणिक तिकडे बघत होतो आणि नजर परत आणत होतो. मयुरी एकदा "आबाजीची कढ..." एवढं बोलली तर मी तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्या जखमेवर कशाला मीठ चोळायचं? मामाजी सगळं बघत होते, तंबाखू मळत होते.

एवढ्यात कुंपणापलीकडून आनंदाबाई ओरडल्या, "सकाळपासून काय भांड्यायचा बाजार मांडला वो?"

ह्यांनी अडचण सांगितली. आनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, आमच्या कूलरचा ट्रे हाये ना! आता थेट होळीलेच लागीन."

आमच्याकडे कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, पावसाळा लागला की त्याचं लोखंडी बूड न्हाणीमागे पडून राहतं, हे ठाऊक असून कोणाला सुचलं नव्हतं. ट्रे आला. चौकोनी, वीतभर उंच, दोन माणसांनी उचलायचा. एका कोपऱ्यात पाणी सोडायचं छिद्र होतं, त्यात चिंधीचा बोळा ठोकलेला.

"हा बोळा टिकीन ना?" मी विचारलं.

"तीन उन्हाळे टिकला," आनंदाबाई म्हणाल्या. "पाण्याले टिकते त तेलाले काहून नाई टिकणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या वादावादीनंतर एकमत झालं त्याचाच आम्हाला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा केला.

चहा झाला आणि ह्यांनी ट्रे ट्रॅक्टरखाली सरकवला, तर तो अडकला. ट्रॅक्टर उभा होता बैलांच्या जागेवर, आणि इंजिनच्या बरोबर खाली चांद्याचा खुंटा होता. जमिनीत पक्का गाडलेला. ट्रे त्याच्या पलीकडे जाईना.

"गाडी हातभर पुढं घ्या ना," मी म्हटलं.

"हालवाची नाई. दहा मिनिटं चालवून गरम केली हाये, आता तेल खाली बसून राह्यलं." हे असं बोलले की जणू पंचवीस वर्षं हाच धंदा.

खुंटा उपटायचा विषय कोणी काढला नाही. बाजेवर मामाजी बसलेले. आणि पुन्हा दुसरं भांडं शोधायचं म्हणजे सगळं परत पहिल्यापासून. आमचे हे पोटावर सरपटत ट्रॅक्टरखाली गेले, बराच वेळ आतच राहिले, आणि बाहेर आले ते हसतच.

"अवं, मांगं बी एक नट हाये! अन् थो मोठा हाये! ट्रे तिथं बराबर बसते."

"पण तोच नट का?"

"नट कोणता का असेना, तेल निघाल्याशी मतलब!"

बघा. ज्या माणसाने अख्खा दिवस नटासाठी भांडं शोधलं, त्याने शेवटी भांड्यासाठी नट शोधला.

पाना लावला, जोर केला, नट सुटला आणि टपकन ट्रेमध्येच पडला. मागून तेलाची धार आली, मनगटाएवढी, आणि रंग कसा तर मधासारखा सोनेरी.

"पाय, पाय! किती साफ हाये तेल!" हे खुशीत ओरडले.

"साफ हाये त काढता काहाले?" मी विचारलं.

ट्रेचं बूड झाकलं. मग चार बोटं चढलं. धार तशीच. ट्रे अर्धा झाला, धार तशीच. मयुरी मोठ्याने लिटर मोजत होती, ती वीसवर थांबली, कारण पुढे मोजायची तिला भीती वाटायला लागली.

"आठ लिटर एवढं राहते का वो?" सासूबाईंनी विचारलं.

आनंदाबाई म्हणाल्या, "गाडी हाये का विहीर?"

आणि त्याच वेळी कोपऱ्यातला बोळा 'फुस्स' करून निघाला. तीन उन्हाळे टिकलेला बोळा! गरम तेलापुढे तीन मिनिटं नाही टिकला.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! ह्यांनी त्या छिद्रावर तळहात दाबला, तर ट्रे काठोकाठ भरायला लागला. "भांडे आणा! भांडे आणा!" मयुरीने स्वतःहून टब आणला, तोच टब. सासूबाईंनी घंगाळ आणलं, आनंदाबाईंनी दोन बादल्या कुंपणावरून फेकल्या. कोणीतरी घाईत ते घमेलं लावलं आणि सातही भोकांतून सात धारा सुरू झाल्या. आणि हो, परात मीच आणली, माहेरची, कोणी मागितलीही नव्हती. त्या वेळी एवढंच दिसत होतं की सारवलेल्या गोठ्यात तेल चाललंय.

"अवो, नट लावा ना!" मी ओरडले.

"नट ट्रेत पडला! हात काढला त छिद्र वाह्यते!"

तेवढ्यात मागून कड्या वाजल्या. मामाजी बाजेवरून उठले होते. त्यांनी खिळ्यावरची ढेपेची कढई काढली, दोन ढांगांत आले, धारेखाली ती सरकवली, बाही कोपरापर्यंत चढवली आणि ट्रेच्या तेलात हात घालून नट चाचपून काढला. सत्तरीचा माणूस तेलाने माखलेल्या जमिनीवर आडवा झाला, ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेला.

"पाना दे."

पाच महिन्यांत त्या ट्रॅक्टरच्या कामासाठी त्यांनी मुलाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. ह्यांनी पाना दिला. दोन वळसे, चार वळसे, आणि धार थांबली.

मामाजी बाहेर आले. कोपरापासून बोटांपर्यंत तेल गळत होतं. त्यांनी ते हुंगलं. मग आमच्याकडे बघितलं. सासूबाई घंगाळ धरून, मी परात धरून, मयुरी टब कवटाळून, आनंदाबाई कुंपणावर अर्ध्या चढलेल्या, आणि त्यांचा मुलगा ट्रेच्या भोकावर हात ठेवून उकिडवा. मामाजींच्या मिशा हलल्या. आणि ते हसायला लागले. असे हसले, असे हसले की शेवटी बाजेचा पाय धरून खाली बसले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, हातातली परात तेलासकट नाचवावीशी वाटली.

निकेशला फोन लावला. त्याचं हसणं आनंदाबाईंना ओट्यावर ऐकू आलं. तो नट गिअरच्या तेलाचा होता. इंजिनचं जुनं तेल जागच्या जागी, हललंसुद्धा नव्हतं. आणि आता गिअरचं नवीन तेल घातल्याशिवाय ट्रॅक्टर चालवायचा नाही, ते तेल वर्ध्याहून येणार, पोळा झाल्यावर. मी म्हटलं, निघालेलंच जुन्या लुगड्याने गाळून घाला. मामाजी म्हणाले, "नाई. मातीत सांडलेलं जनावराले पाजत नाई."

ते 'जनावराले' म्हणाले, हे माझ्या ध्यानात आलं.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. गोंडे, बेगड, बाशिंग सगळं पायरीवर मांडून बसले आणि म्हणाले, "आता मी बी नाई येत पोळ्याले."

आता बोला! एकाला बाहेर काढता काढता दुसरा बसला. माझा पारा चढला. "बसा!" मी म्हटलं. "दोघं बी बसा घरात, तंबाखू मळत. मी जातो तोरणाखाली, हे परात घेऊन उभी राह्यतो पहिल्या जागेवर. लोकं इचारन त सांगीन, आमच्या घरचे गडी माणसं नटात अडकले!"

मामाजींनी माझ्याकडे जरा दचकूनच पाहिलं. मग हात धुवायला गेले. ते तेल निघता निघेना, चार वेळा राख लावली.

दिवेलागणीच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "पोरी, तूप हाये का?"

"किती पाह्यजे मामाजी?"

"खांदे शेकापुरतं."

मी वाटी दिली, हळद दिली. त्यांनी पळसाचं पान आणलेलं होतं. मी मागोमाग गेले. मामाजी ट्रॅक्टरसमोर उभे राहिले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि पायरीवर बसलेल्या मुलाला विचारलं, "धर्मा, याचा खांदा कोठी असते?"

ह्यांना काही समजेना. "खांदा?"

"हा ओझं कोठून ओढते?"

"मांगून बाबा. हा हूक हाये ना, इथून."

"मंग खांदा मांगं हाये त याचा." मामाजी मागे गेले आणि त्या हुकाला पळसाच्या पानाने हळद-तूप लावलं, दोन्ही बाजूंनी, हळू हळू, जसं बैलाला लावतात तसं. मग वाकले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आमचे हे पायरीवरून उठले. "बाबा, तुमीच त म्हणत होते, यंत्र तोरणाखाली आलं त..."

"चालत आलं त, म्हणलो. उद्या जनावराच्या खांद्यावर जू ठेवत नाई. नांगर नाई, बंडी नाई, काही नाई. अन् तू याले भकभक धूर काढत नेत होता. याचं इंजन चालनं म्हणजे याचं काम. सणाच्या दिवशी कामावर नेते का कोणी?"

"मंग हे आधी सांगाचं ना बाबा!"

"तू इचारलं का?"

मामाजी रागाने बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. राग असता तर सोपं गेलं असतं.

"ट्रॅक्टर आणाच्या आधी इचारलं नाई. आणल्यावर इचारलं नाई. आज घरातलं भांडं न् भांडं उचलून पाह्यलं, शेजाऱ्याचं बी आणलं. कढई समोर टांगली हाये, बाप तिच्या खाली बसला हाये, पर एकानं तोंड नाई उघडलं. मले वाटलं, मेलो का काय मी."

मी म्हटलं, "मामाजी, आमाले वाटलं, कढई मांगतली त तुमाले वाईट वाटन."

"वाईट त वाटलंच असतं," मामाजी म्हणाले. "अन् देली बी असती."

मला रडू आलं, मी लपवलं नाही. ह्यांनी मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याने माती उकरत विचारलं, "मंग उद्या कसं कराचं बाबा?"

"उद्या आपण ओढू," मामाजी म्हणाले. "वर्षभर तो ओढते, एक दिवस आपण ओढू."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरासमोर निम्मं गाव जमलं. लाल ट्रॅक्टरला बेगड, गोंडे, तोंडावर बाशिंग, चाकांवर गेरूचे ठिपके. पुढे दोन दोर बांधले, एकेका दोराला पंधरा-पंधरा माणसं. मागून पोरं ढकलायला. वळवायला सीटवर कोणीतरी हवं होतं, आणि मामाजी म्हणाले, "मी बसतो." धोतर सावरून चढले, दोन्ही हातांनी चक्र धरलं आणि खाली वाकून मुलाला विचारलं, "हे कसं वळवते रे?" ह्यांनी दाखवलं. पहिल्याच वळणाला मामाजींनी आनंदाबाईंचं कुंपण हातभर पाडलं. आनंदाबाई म्हणाल्या, "पडू द्या, तानबाजी, सण हाये!"

ढोल वाजत होता. तिसेक माणसं "हो... हो..." करत ओढत होती, आमचे हे सगळ्यात पुढे, घामाने निथळत. रस्त्याच्या कडेला सजवलेले बैल उभे होते आणि आपल्या मालकांना दोर ओढताना बघत होते. मी सासूबाईंचा हात धरून मागे चालत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते.

तोरणाखाली पहिली जागा मोकळीच ठेवलेली होती. पोलीस पाटील मधुकररावांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, वर सीटवर पाहिलं. "तानबाजी, जोडी त दिसत नाई?"

"एकच हाये," मामाजी वरून म्हणाले. "पर खाते दोघायचं."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. पूजा झाली, पोळ्याची खास गाणी, म्हणजे झडत्या, म्हणून झाल्या. मग मधुकररावांनी काठीने तोरण तोडलं, आंब्याची पानं खाली आली. आता पोळा फुटणार, म्हणजे जोड्या घराकडे निघणार. पण आमच्या गावची रीत अशी की पहिली जागा हलल्याशिवाय मागची एकही जोडी हलत नाही. मागे चाळीस जोड्या, घुंगरं वाजताहेत, बैल खुर आपटताहेत. तीस माणसांनी दोर ताणून धरले आणि आमच्या ह्यांच्याकडे बघितलं.

आमच्या ह्यांनी दोर सोडला. मागे वळले, ट्रॅक्टरजवळ आले, आणि अख्ख्या गावासमोर मान वर करून विचारलं, "बाबा, निघू का?"

ढोलवाल्याचा हात थांबला. मामाजींनी चक्रावरचा एक हात उचलून मिशीवरून फिरवला.

"थांब," ते म्हणाले. "इचार करू दे."

आणि चांगला पाच मिनिटं विचार केला त्यांनी. सगळं गाव उभं होतं, चाळीस जोड्या उभ्या होत्या, आणि कोणी घाई केली नाही.